पुढचं पान मंडळाचा कर्णा

मी कर्णा बोलतोय. पत्र्याचा, हातभर लांब, एका टोकाला वाटीएवढा आणि दुसऱ्या टोकाला ताटाएवढा. आजवर माझ्यातनं दुसरेच बोलत आले आणि त्यांचं बोलणं मी मोठं करून दिलं. खोटंही मोठं करून दिलं, तेवढं माझं चुकलं. आज माझं मी बोलणार आहे. रागात आहे, तेव्हा एखादा शब्द इकडंतिकडं झाला तर सांभाळून घ्या. बसा. दुकानात आलेल्या माणसाला उभं ठेवायची आमच्यात पद्धत नाही.

माझा मालक रेवणप्पा. मुरुमच्या पेठेत त्याचं तेल, गूळ, हळद-मिरचीचं दुकान. शाळा दोनच यत्ता, तीही उर्दूत. घरात बोलणं कानडी. मराठी वाचायला तो शिकला रद्दीतनं. सोलापूरहून पुड्या बांधायला जुन्या मासिकांचे गठ्ठे यायचे. गिऱ्हाईक नसलं की रेवणप्पा पान वाचायचा आणि मग त्यात हळकुंड बांधायचा. असा हा माणूस पुडीपुडीनं शहाणा झालेला.

त्रेचाळीस सालची गोष्ट. एका पानावर त्याला अजब मजकूर मिळाला. कुणा शास्त्रज्ञानं आख्खं गाव मुळासकट उपटलं आणि ते चंद्राकडं निघालं. घरं आली, देऊळ आलं, गोठे आले. विहिरी मात्र खालीच राहिल्या. गावाला तहान लागली, आणि तिथंच पान संपलं. पुढचं पान गठ्ठ्यात नव्हतं. म्हणजे त्यात कुणाला तरी काहीतरी बांधून दिलेलं.

रेवणप्पा दुकान बंद करून घरोघर हिंडला. 'कालच्या पुडीचा कागद हाय का?' एका घरात वाटलं, मालात काही भेसळ गेली. त्यांनी पावशेर हळद मोरीत ओतली. शेवटी शरणम्माच्या दारात पोचला. ही विधवा बाई लोकांची मिरची-मसाला कांडून द्यायची. माहेर सोलापूरचं, चार यत्ता झालेल्या. तिनं मुसळ थांबवलं नाही.

"विहिरीचं पान ना? वाचलं म्या. देते. पर त्याच्या म्होरलं तुमच्याकडं असलं तर आधी ते आणा."

त्या दिवशी दोघांच्यात मंडळ निघालं. नाव पडलं 'पुढचं पान'. ग्रह-तारे, यंत्रमाणसं, उडती गावं, असल्या गोष्टी वाचणाऱ्यांचं मंडळ. दर सोमवारी दुपारी दुकानाच्या पडवीत बैठक. माणसं वाढली, मागच्यांना ऐकू येईना, म्हणून रेवणप्पानं रॉकेलच्या रिकाम्या डब्यातनं मला करून घेतलं. लढाईचे दिवस, नवा पत्रा डोळ्यांना दिसत नव्हता. माझ्या अंगावर अजून आतल्या बाजूनं त्या डब्याची अर्धी छाप आहे. बैठक सुरू होताना माझ्यातनं पेठेत एकच पुकारा जायचा: "पुढचं पान ज्याच्याकडं असंल, त्यानं आणून द्यावं."

काय वाद व्हायचे म्हणता. चंद्रावर वस्तू हलकी भरते असं कुणीतरी वाचून दाखवलं, तर दोन सोमवार त्यावरच गेले. तिथं तूर वजनानं विकावी का पायलीनं? शेतकरी म्हणाले पायलीनं, व्यापारी गप्प बसले, आणि रेवणप्पा म्हणाला, दुकान काढायच्या आधी तिथं तूर उगवती का ते तर बघा. मला हसू यायचं, पण पत्र्याचं हसू म्हणजे नुसती थरथर.

वर्षातनं एकदा संमेलन. तेही येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू नसतं. सगळा गाव शेतात भज्जी, उंडे, आंबील खायला. रेवणप्पाच्या शेतात चिंचेखाली पन्नास माणसं जेवली तर कोण विचारतंय? म्हणून पहिली तीन संमेलनं बिनपरवानगीची, येळवस म्हणूनच खपली. निजामाचं राज्य, सभेला परवानगी लागायची. एक जण डोक्यावर पायली पालथी घालून यंत्रमाणूस व्हायचा. वर्षातलं उत्तम खोटं सांगणाऱ्याला गुळाची ढेप. आणि कुणी स्वतः गोष्ट लिहिली, तर तिचं वाचन माझ्यातनं. ते मानाचं पान.

सेहेचाळीस साली ते मानाचं पान शरणम्माचं होतं.

तिनं वर्षभर गोष्ट लिहिली. कांडप करता करता, हळदीच्या बोटांनी. त्या वहीचं प्रत्येक पान कोपऱ्याला पिवळं. नाव दिलं 'मंगळावर स्वारी'. आता आमच्याकडं 'स्वारी' म्हणजे काय? सासू सुनेला म्हणते, "कुठं निघाली स्वारी?" बाईमाणूस जरा नटूनथटून बाहेर पडलं की झाली स्वारी. शरणम्माला तेवढंच म्हणायचं होतं. एक बाई मंगळावर फिरायला जाऊन आली. त्यापुढचं तिनं कुणालाच दाखवलं नव्हतं. रेवणप्पानं चार वेळा मागितली वही. म्हणाली, आप्पा, येळवशीला ऐका. पुडी आधी सोडायची न्हाय.

इथं दत्तोपंत येतात. हे मंडळाचे अध्यक्ष, पेशानं मास्तर. पंत म्हणाले, दिवस वाईट आलेत, यंदा परवानगी काढू. लेखी असलेलं बरं. अर्ज उर्दूत द्यायचा होता. पेठेत चांगला मुन्शी होता, दोन आण्यांत मोत्यासारखं लिहून देणारा. पण पंतांना स्वतःच्या उर्दूचा फार अभिमान. कार्यक्रम लिहिताना त्यांना वाटलं, 'सवारी' हा शब्द टांग्यावाल्याचा, हलका. सरकारात भारदस्त शब्द जावा. त्यांनी लिहिलं 'चढाई'. मंगळाला उर्दूत वेगळा शब्द आहे म्हणतात. तो पंतांना येत नव्हता आणि विचारणं कमीपणाचं. म्हणून 'मंगल'च ठेवलं, आणि तेही घाईच्या अक्षरात, मधे एक फाजील वळसा देऊन. तो वळसा कचेरीत वाचला गेला 'मंगरूल'. तुळजापूरच्या अंगाला आहे ना मंगरूळ गाव, ते. म्हणजे सरकारदरबारी काय पोचलं? मुरुमचे पन्नास लोक अमावास्येला रेवणप्पाच्या शेतात जमणार आणि मंगरूळवर चढाई करणार. कार्यक्रमात नाव शरणम्माचं, म्हणून पुढारी तीच.

येळवस आली. जेवणं झाली. शरणम्मा चिंचेखाली उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिनं मला तोंडाला लावलं. तिच्या हाताला मिरचीचा वास होता. तीन वर्षांत कुणी मला इतकं घट्ट धरलं नव्हतं.

"मिरची कांडता कांडता मला अशी शिंक आली," ती वाचू लागली, "की मी थेट मंगळावर जाऊन पडले. मंगळ लाल का, ते तिथं गेल्यावर कळलं."

लोक हसले, आणि पुढं सरकले. एवढ्यात बांधावरून अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, आणि सहा शिपाई.

खरं सांगतो, मला त्या अमीनाचा राग नाही. मोठ्या पोटाचा, दमलेला माणूस. अर्ज हातात घेऊन आलेला. त्यानं विचारलं, मंगरूळवर जायला कोण कोण निघालंय? कुणाला काही कळेना. पायली घातलेल्यानं पायली काढली. शरणम्मालाच आधी उमगलं.

"साहेब, मंगरूळ खाली हाय. मंगळ वर." तिनं मला आभाळाकडं रोखून दाखवलं.

अमीन वर बघत राहिला, मग अर्जाकडं, आणि हसू दाबताना त्याचं पोट हलायला लागलं. पण सरकारी माणूस. तो म्हणाला, कागदावर मंगरूळ आहे, मी कागदाला बांधलेला. तुमच्यातल्या एका भल्या माणसानं पुढं यावं आणि ही नुसती कहाणी आहे असं सांगून सही करावी. वही इथंच ठेवतो आणि घोटभर आंबील घेऊन जातो.

"बोलो. कौन जामिन है इस बाई का?"

बावन्न माणसं होती, मी मोजलेली. चंद्रावर घर बांधणारी, शनीच्या कड्यावर बैल धरणारी. एक सही मागितली होती, जमीन नाही, डोकं नाही. त्यांच्यातला एकही हलला नाही.

हलले ते पंत. म्हणाले, "साहेब, ही बाई काय लिहिते आम्हांला ठाऊक नाही. हे मंडळ आम्ही आजपासून बंद केलं." अर्ज कुणाच्या हातचा होता ते मात्र बोलले नाहीत.

शरणम्मानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती रेवणप्पाकडं बघत होती. आणि रेवणप्पा, माझा मालक, ज्यानं एका पानासाठी पेठ पालथी घातली, तो आंबिलीच्या मडक्यात बघत होता. जणू पुढचं पान त्यात पडलं होतं.

वही गेली. वरच्या कचेरीत जमा. अमीन आंबील न घेताच गेला.

नंतर दोन-चार जण तिला म्हणाले, आठवत असेल की तुला, पुन्हा लिही. ती म्हणाली, कांडलेली मिरची पुन्हा कांडत न्हाईत. जामीन ऱ्हायला न्हाईत, आता वही तरी आणा. वही आणायला कोण जातंय? मंडळ मोडलं. आणि मला दुकानात खिळ्याला टांगलं. महिन्याभरानं रेवणप्पाचं रॉकेलचं नरसाळं फुटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गिऱ्हाइकाच्या डब्याकडं, आणि मला खाली काढून डब्याच्या तोंडात खुपसलं.

माझं बांधकाम असं, की बारक्या तोंडातनं आत जायचं आणि मोठ्यातनं जगात. तेव्हापासनं मोठ्यातनं रॉकेल आत आणि बारक्यातनं डब्यात. दोन वर्षं मी हे प्यालो. डब्याचा जन्म, कर्ण्याची उमेद, आणि पुन्हा रॉकेलच. मी ते सोसलं. राग यायचं कारण पुढंच आहे.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. आणि मुरुमात एकेकाला आपला पराक्रम आठवायला लागला. पंतांना आठवलं, की येळवशीच्या दिवशी आपण मंगरूळवर चढाईचा कट रचला होता. कागदोपत्री पुरावा आहे म्हणे. आहेच की. त्यांच्याच वळशाचा.

सत्कार ठरला. मला राखेनं घासलं, वरनं चुना लावला. भर दुपारी पेठेत मांडव, आणि माझ्या बारक्या तोंडाला पंतांचं तोंड. ते माझ्यातनं गरजले, की साहित्याच्या आडून आम्ही क्रांती चालवली होती. माझा पत्रा शरमेनं तापला, पण कर्ण्याला 'नाही' म्हणता येत नाही. तो दिलेलं मोठंच करतो. टाळ्या पडल्या. शाली वाटल्या. रेवणप्पालाही एक मिळाली. त्यानं ती घेतली. शरणम्मा बायकांच्या बाजूला मागं बसली होती. तिचं नाव निघालं नाही. कटाच्या पुढाऱ्याचं नाव निघायला नको होतं का?

दुकानात वाढलोय, म्हणून हिशेबाचं एक सांगतो. आता कचेरी आपली, साहेब आपले. वही मागायला कुणाला भीती नाही. तरी कुणी मागत नाही, कारण वही निघाली की मंगळ निघणार, आणि मंगळ निघाला की शाली उतरणार. तेव्हा भीतीनं गेली होती ती वही. आता मानासाठी गाडली जातेय. पहिलं मी माफ केलं असतं.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी, बाजाराच्या गर्दीत शरणम्मा रॉकेल न्यायला आली. रेवणप्पानं मान वर न करता मला उचललं आणि तिच्या डब्यात खुपसलं. माप तिरपं करणार, तोच ती म्हणाली,

"आप्पा, तुमी ते उलटं धरलंय."

रेवणप्पानं माप खाली ठेवलं. तिनं मला डब्यातनं काढलं, पदरानं माझं बारकं तोंड पुसलं, आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून बाजाराकडं तोंड केलं. तोच हात, तोच मिरचीचा वास.

"मिरची कांडता कांडता मला अशी शिंक आली, की मी थेट मंगळावर जाऊन पडले. मंगळ लाल का, ते तिथं गेल्यावर कळलं."

बाजार तिच्याकडं वळला. समोरच्या दुकानात पंत शाल पांघरून बसले होते, ते उठून आत गेले. लोक वाट बघत राहिले, मंगळ लाल का? ती तेवढ्यावरच थांबली. मग माझ्यातनं तो जुना पुकारा दिला, एकेक शब्द तोडून:

"पुढचं पान ज्याच्याकडं असंल, त्यानं आणून द्यावं."

आणि रिकामा डबा घेऊन घरी गेली.

आज त्याला आठ दिवस झाले. रेवणप्पा रॉकेल विकताना मला घेत नाही. थेट डब्यात ओततो, निम्मं पायावर सांडतं, गिऱ्हाईक ओरडतं, तरी घेत नाही. मी खिळ्यावर आहे, बारकं तोंड माणसांकडं करून. काल त्यानं शाल घडी घालून पोत्यांमागं टाकली आणि वरच्या कचेरीकडं जाणाऱ्या येडशीच्या गाडीची वेळ कुणाला तरी विचारली. जाईल, न जाईल. मी आता त्याचा जामीन राहणार नाही.

तुम्हांला मात्र हात जोडतो, म्हणजे कर्ण्याला हात असते तर जोडले असते. कुठल्या कचेरीत, कुठल्या गठ्ठ्यात एखादी वही सापडली, कोपरे हळदीनं पिवळे, पहिल्या ओळीत शिंक, तर ती रद्दीत घालू नका. त्यात कुणाला काही बांधून देऊ नका. मुरुमच्या पेठेत रेवणप्पाचं दुकान विचारा आणि वही शरणम्माच्या हातात द्या. मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडं लागलं. रॉकेलचा वास येईल थोडा. तो माझा दोष नाही.