टोपीने दिलेली खोटी साक्ष

मी एक जुनी टोपी आहे. लग्नात मिरवतात तसली नव्हे, मित्रांनो. कराडच्या एका दवाखान्यात मेंदूच्या लहरी टिपणारी, बत्तीस गोल बिल्ले लावलेली जाळीची टोपी. मी कुठे शिवली गेले ते आठवत नाही, डोकी मात्र शेकडो आठवतात.

माझं काम सोपं. माणसाने उजवी बोटं टेबलावर आपटली की मेंदूची डावी बाजू जागी होते, डावी आपटली की उजवी. दोन्ही हात एकदम चालवले की दोन्हीकडे गडबड. ती मी पडद्यावर दाखवायची आणि डॉक्टर म्हणायचे, "ही टोपी खोटं बोलत नाही." ते ऐकून मी फुगून गेले होते.

एके दिवशी पल्लवी आली. बाळंतपणानंतर मेंदूत गुठळी होऊन तिचा डावा हात लुळा पडला होता. चार महिन्यांचं लेकरू तिला एकदा स्वतः उचलायचं होतं. डावा हात हलवायचा प्रयत्न करताना उजवा मेंदू जागा झालेला दिसला, तरच तिला हाताच्या उपचारांत घेणार होते. जागा एकच उरली होती.

सोबत सासू धोंडुबाई होती. गुठळी उजवीकडे आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून निघण्यापूर्वी तिने नेमकं तिथेच वाटीभर कोमट तेल जिरवलं होतं, आणि तेही मायेने.

तेलकट केसांवर माझे बिल्ले बहिरे होतात. तपासणी करणाऱ्या जयराजला पडद्यावर उजवीकडचे लाल दिवे दिसले, म्हणजे तिथले बिल्ले नीट टेकले नव्हते. डोकं धुवायला सांगायचं सोडून त्याने बिल्ल्यांखाली लावतात ते चिकट जेल आणखी थापलं. "चालतंय," म्हणाला. बाहेर रांग होती ना!

उजव्या हाताची तपासणी झाली. डाव्याच्या वेळी मी काहीच दाखवलं नाही. मग दोन्ही हात एकदम. उजव्या बोटांच्या नादाने डावी तर्जनी जराशी उचलली गेली. मी वरून पाहिली. बाकीचे पडद्याकडे बघत होते.

"आत्या, हाललं वं माजं बोट!" पल्लवी सासूला म्हणाली.

"गप गं! डोस्क्यातच कायबी न्हाई म्हणतंय मशीन, तर बोट कुठनं हालंल?" धोंडुबाई म्हणाली. "तू जा मेढ्याला, आयकडं. लेकरू ऱ्हाईल आमच्याकडं."

जयराजने 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. पल्लवी बोट उचलून दाखवतच राहिली.

मला आजही कोमट पाण्याने धुतात, सावलीत वाळवतात, पेटीत जपून ठेवतात. मित्रांनो, एवढी काळजी माझी नका करू. मी काहीही सांगितलं तरी आधी त्या माणसाच्या हाताकडे बघा.