बांगडीचं माप

जहांआराचाचीच्या तोंडाला लागू नये, हे महाडच्या बाजारात कुणालाही विचारा. आणि हात द्यावा तर तिच्याच हातात, हेही कुणालाही विचारा. नवरीचा पंजा कितीही जाडजूड असो, चाची तो दोन्ही तळव्यांत धरून मळायची, मळता मळता नवरीच्या होणाऱ्या सासूला दोन शब्द सुनवायची, आणि नवरी हसायला लागली की बांगडी कधी मनगटावर गेली ते तिचं तिलाही कळायचं नाही. माप घ्यायला चाचीला काही लागत नसे. लांबूनच सांगायची, "हिला सव्वादोन. हिला अडीच. आणि हिला म्हणावं, आधी हात ढिला सोड, मी काय तुझी सासू आहे चिमटे काढायला?"

तिच्या बांगड्यांच्या पेट्या गावोगाव फिरल्या त्या नवऱ्याच्या पांढऱ्या फियाटमधून. लग्न बिरवाडीला असो, पोलादपूरला असो की कशेडीच्या पलीकडे. पुढे नासिरचाचा, मागे चाची आणि पेट्या. चाचा कमी बोलणारा माणूस. जे बोलायचं ते गाडीशी बोले. सकाळी मऊ फडकं घेऊन चाकांच्या चकचकीत टोप्या पुसत बसे, आणि चाची आतून ओरडे, "तिचं पुसून झालं असलं तर हिकडं पण बघा जरा, आमच्यावर पण धूळ बसते!"

ती गाडी आता अंगणात उभी होती आणि किल्ली खिळ्याला.

झालं होतं ते असं. गुडघ्याची वाटी बदलल्यापासून चाचाच्या उजव्या पायात पहिल्यासारखा जोर राहिला नव्हता. आणि त्या जुन्या गाडीचा ब्रेक म्हणजे पायाने दाबायचा नव्हे, त्याच्यावर उभंच राहायचा. एका लग्नाहून परत येताना पोलादपूरच्या उतारावर चाचाने पाय दाबला आणि गाडी थांबली नाही. रसवंतीच्या बाकड्याला जाऊन धडकली तेव्हा थांबली. बाकडं मोडलं, दुसरं काही नाही. पण त्या बाकड्यावर बसलेली बाई रिकामा ग्लास ठेवायला नुकतीच उठली होती. चाचाने ते पाहिलं. रसवंतीवाला म्हणत होता, "जाऊ दे चाचा, बाकडं जुनंच होतं," आणि चाचाला काही ऐकू येत नव्हतं. रांगत रांगत गाडी घरी आणली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "बस झालं."

तेव्हापासून तो ओट्यावर बसे ते गाडीकडे पाठ करून. कुणी मेकॅनिकचं नाव काढलं तर म्हणे, "तिला कुणी हात लावायचा नाय." जेवण अर्ध्यावर आलं.

मग दोहाहून मुलाचा, उबेदचा फोन आला. "अम्मी, पुण्याचा एक माणूस जुन्या गाड्या जमवतो. रविवारी बघायला येईल. अब्बांना विचारलंय मी. ते म्हणाले, घेऊन जाऊ दे."

"बरं," चाची म्हणाली.

चाची नुसतं 'बरं' म्हणाली की शहाण्याने समजावं, काहीतरी बिनसलंय. पण उबेद लांब होता, त्याला कसं समजावं?

त्याच संध्याकाळी ती चहा घेऊन ओट्यावर आली आणि उंबऱ्यातच थबकली. चाचा रस्त्याकडे बघत बसला होता, आणि त्याचा उजवा पाय फरशी दाबत होता. सोडायचा, परत दाबायचा. जमिनीला ब्रेक लावून बघत होता बिचारा. चाचीने चहा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बिरवाडीच्या रस्त्याला धम्मपालच्या गॅरेजवर जाऊन उभी राहिली.

"चाची! आज हिकडं कुठं? मला भरायच्या काय बांगड्या?" धम्मपाल गाडीखालून बाहेर आला.

"तुझ्या मापाची बांगडी बैलगाडीच्या चाकाला घालतात. गप ऐक. ह्यांच्या गाडीचं काय करता येईल ते सांग."

"ऐकलं मी. ब्रेक गेला ना?"

"गेला म्हणू नये रे मेल्या. बांगडी फुटली म्हणतो काय आपण? वाढवली म्हणतो. ब्रेक वाढवला म्हण."

"बरं, वाढवला." धम्मपाल हात पुसत हसला. "पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवू. नव्या गाडीचे हब येतात, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं ना, ते. वर बूस्टर लावला की चाचांनी पाय नुसता ठेवायचा, गाडी उभी. पण एक भानगड हाय. चाक बसणार नाय त्याच्यावर."

"का? त्याला नट किती?"

"चार."

"आमच्या चाकाला?"

"चार."

"मग चाराला चार, बसायला काय होतंय?"

"तुमच्या पेटीतल्या बांगड्या सगळ्या गोलच असतात ना? मग सव्वादोनची अडीचच्या हातात जाते काय? नटांचा पण गोल असतो चाची. त्यांचा मोठा, आपला लहान."

हे चाचीला पटकन समजलं, आणि समजल्याचा तिला थोडा रागच आला. "मग काय, नवीन चाकं घ्यायची?"

"घेता येतील. पण पुढं एक माप, मागं दुसरं. वाटेत पंक्चर झालं तर स्टेपनी कुठल्या मापाची ठेवणार?"

"नवीन नकोच. ती चाकं दिसली नाय तर ते गाडीत पाय ठेवायचे नाय. लेकरासारखी पुसलीत ती."

"मग हबलाच तुमच्या चाकाच्या मापाची भोकं पाडून घेऊ लेथ मशीनवर. मी येऊन माप घेतो."

"तू अंगणात दिसलास तर ते हाकलतील. एकदा नको म्हणाले की मग अल्लामिया उतरून आला तरी नकोच. माप मी आणते."

"बरं. चाकाची टोपी काढायची, समोरासमोरचे दोन नट बघायचे, मधोमध ते मधोमध..."

"मापाचं मला शिकवतोस? तुझ्या आईला, उज्वलाला, मांडवात बांगड्या मी भरल्या. तेव्हा तुझा पत्ता पण नव्हता."

"मधोमध हां, चाची!" तो मागून ओरडला. चाचीने मागे न बघताच हात झटकला.

दुपारी चाचा नमाजाला मशिदीत गेला तशी ती उलथनं घेऊन अंगणात बसली. चाकाची टोपी उचकटून काढली. एका नटाच्या आतल्या कडेवर दोऱ्याचं टोक धरलं, समोरच्या नटाच्या आतल्या कडेपर्यंत ताणलं, तिथे गाठ मारली. आयुष्यभर घेतलं तसं माप. टोपी परत बसवून वर पदराने पुसलीसुद्धा.

धम्मपालने त्या गाठीवरून हब तयार करून घेतले. चाचीने चाचाला पोलादपूरला मुलीकडे पाठवलं. "आलिमा विचारते, अब्बा का येत नाय. जा, दोन दिवस राहून या." चाचाला आताशा कुठेही पाठवलं तरी सारखंच होतं. तो एस.टी.त बसला.

धम्मपाल हत्यारं घेऊन अंगणातच आला. गाडीचं पुढचं अंग लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. जुने ड्रम उतरले, नवीन डिस्क चढल्या, बूस्टर बसला, सगळं कसं हवं तसं. मग त्याने चाक उचललं आणि लावायला गेला. चाक बसेना. फिरवून पाहिलं, दुसरं चाक आणून पाहिलं. चाकाची भोकं बाहेर, हबची आत. फरक बोटभरही नाही, पण बसत नाही म्हणजे नाही.

"चाची," धम्मपाल खाली बघून म्हणाला, "माप कसं घेतलं होतंत?"

चाची उत्तर द्यायला तोंड उघडते तोच फाटक वाजलं. चाचा एक रात्र काढूनच परत आला होता. मुलीच्या घरी त्याला झोप लागली नव्हती.

त्याने गाडी पाहिली. ठोकळ्यांवर, चाकं उतरवलेली. पिशवी हातातच राहिली.

"अशी विकायची होती होय?" आवाज अगदी हळू होता. "माझ्या माघारी? तुकड्यातुकड्यानं?"

धम्मपालच मधे पडला. "चाचा, विकायला नाय. तुमच्या पायाला जड जाऊ नये म्हणून ब्रेक... चाचीनं माझ्यामागं लागून... फक्त माप जरा..." आणि त्याने तो गाठीचा दोरा पुढे केला.

चाचाने दोरा घेतला. पिशवी ठेवली, वाकता येईना तेव्हा मागच्या चाकाला धरून सरळ खाली बसला. त्या चाकाची टोपी काढून नटावर दोरा लावून पाहिला.

"आतून घेतलंस," तो म्हणाला.

"मग कुठून घ्यायचं? बांगडीचं आतूनच..." आणि चाची थांबली. धम्मपाल ओरडून काय सांगत होता ते तिला आत्ता ऐकू आलं. नटाच्या मधोमधपासून घ्यायचं होतं. मनगट नव्हतं ते.

ती ओट्याच्या पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माप चुकलं माझं."

धम्मपालने एकदम पेटीत पाना शोधायला सुरुवात केली. चाचीच्या तोंडून असं वाक्य ऐकलं असं बाहेर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

चाचाने तिच्याकडे पाहिलं. "तुझं माप चुकत नाय गो," तो म्हणाला. "नटांना मनगट नाय, त्याला तू काय करणार?"

मग त्याने टेप मागितला.

"चाचा, ह्याच हबला परत भोकं पाडू काय?" धम्मपालने विचारलं.

"भोकावर भोक पाडलंस तर चाळणी होईल त्याची. माणसं बसायची हायत गाडीत. नवीन हब आण. आणि दोरा नको, चाकच घेऊन जाऊ लेथवर. मी येतो."

"तुम्ही?"

"मग काय, परत हिला पाठवू?"

चाची तरातरा आत गेली आणि भांडी आदळू लागली. रागावण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण आनंदाला कुठली भांडी आदळायची हे तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाचा मांडीवर चाक घेऊन रिक्षात बसला. संध्याकाळी हाताला तेल माखूनच परतला आणि ताटातलं सगळं जेवून वर भाकरी मागून घेतली.

रविवारी पुण्याचा माणूस आला तेव्हा अंगण रिकामं होतं. दोघं पोलादपूरच्या उतारावर जाऊन येत होती. गाडी फाटकातून आत आली, त्या माणसाच्या पुढ्यात येऊन जागच्या जागी उभी राहिली, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "अहो हळू! ब्रेक लावता की गाडीचा कान पिळता?"

तो माणूस गाडीभोवती फिरला. चाकांकडे बघून खूश झाला, मग खाली वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. "डिस्क ब्रेक बसवलेत? अरेरे. मग ओरिजनल नाही राहिली हो."

"ह्यांच्या गुडघ्यात वाटी दुसरी," चाची उतरत म्हणाली, "माझ्या तोंडात दात दुसरे. आमच्यात तरी कोण ओरिजनल राहिलंय? चालतंय ना?"

तो माणूस हसला. "म्हणजे विकायची नाही?"

चाचीने नवऱ्याकडे पाहिलं. हे तिच्या बोलण्याचं नव्हतं. आतापर्यंत सगळं तिने केलं, पण हे एक त्याच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि म्हणून तिने जीभ दाताखाली धरली.

चाचाने किल्ली काढली. खिळ्याकडे गेला नाही, खिशात टाकली.

"बिरवाडीच्या लग्नाला पेट्या किती न्यायच्या गो?" त्याने विचारलं. "सकाळी लवकर निघू. घाई करायला नको."

चाची पाहुण्याकडे वळली. "ऐकलंत ना? गाडीला काम हाय. या, सरबत घ्या. आणि तुमच्या बायकोचं मनगट केवढं ते सांगा. माप मी बरोबर देते."