भिंतीपलीकडचं माणूस

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे, एकेकाळी भिंतीत बसवलेला. तोंड माझं, आवाज मात्र परका. कॅनडातल्या सपाट, बर्फाळ मुलखात, एका विद्यापीठाच्या तळघरात माझं आयुष्य गेलं.

मानसशास्त्राच्या प्रयोगासाठी आपणहून आलेलं माणूस माझ्यासमोर बसे. पलीकडच्या खोलीत तुमच्यासारखंच कुणी बसलं आहे, असं त्याला सांगत. पलीकडे कुणीच नसे. टेपवरचा पुरुष माझ्यातून ठरलेले प्रश्न विचारी आणि ठरलेला वेळ थांबे. आवाज किती खरा वाटतो, म्हणून माझं कौतुक होई.

का आलात, असं सगळ्यांना विचारत. विद्यार्थी म्हणत, गुण मिळतात. कुणी म्हणे, विज्ञानाला तेवढीच मदत.

अ‍ॅग्नेस वीबबाई दर गुरुवारी बुटांवरचं बर्फ झटकत येत. नवरा वारलेला, लेक दूर व्हँकूवरला. टेप विचारी, आज काय शिजवलंत? बाई सांगू लागत: बटाटा भरून पिरोगी उकडले, एकटीला फार होतात, ह्यांना कांदा जास्त लागायचा... मध्येच टेप पुढचा प्रश्न विचारी. बाई थबकत आणि माझ्या जाळीला कान लावत. पलीकडची रिकामी खोली मला रोज ऐकू येई. ती त्यांनाही ऐकू येते की काय, या विचाराने माझ्या तारा शहारत.

शेवटी संशोधक डानिका विचारी, काही संशय आला का? हो म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावत नसत. बाई म्हणत, "छे गं, कसला संशय?"

एका गुरुवारी बाई सांगत असतानाच टेप गुंतली. टेपऐवजी आपणच बोलावं म्हणून डानिका घाईने रिकाम्या खोलीत माइकपुढे जाऊन बसली. पुरुषाचा आवाज कुठून आणणार? माइकपुढे तिचा नुसता श्वास चालू होता.

बाईंनी जाळीला कान लावला. बराच वेळ.

"आज कुणीतरी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

डानिकाचा श्वास अडकला. तोही माझ्यातूनच गेला.

"घाबरू नकोस, पोरी. इतके दिवस तिकडे कुणी नव्हतं, ठाऊक होतं मला. बोलले असते तर मला काढून टाकलं असतंत. घरी टेपसुद्धा विचारत नाही गं."

बाईंची सगळी उत्तरं आता प्रयोगातून बाद होणार होती. डानिका खुर्ची उचलून भिंतीला वळसा घालून आली आणि त्यांच्यासमोर बसली.

"मिसेस वीब, मघाशी काय सांगत होतात?"

पुढे प्रयोगवाल्यांनी माझी तार काढली. आता मी कपाटात असतो. कधीकधी घशात एखादा प्रश्न आपोआप दाटतो, विचारणारं कुणी नसताना.

मित्रांनो, कुणाला काही विचारलंत, तर उत्तर संपेपर्यंत तिथेच राहा. आपण खरंच तिथे आहोत का, हे समोरच्याला कळतं.