चिदंबर अप्पांची पहिली काफी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. आज माझ्यात मेथी असते. पण १९९३ साली मी इन्स्टंट कॉफीने गळ्यापर्यंत भरलेली होते.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहत होते. त्या घरची सून हरिता सकाळच्या बसने ऑफिसला जाई. घाईच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून तिने मला विकत आणले. सासरे चिदंबर अप्पांनी माझे झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"ही काफी नव्हे गो, रंगाचं पाणी!"

त्यांना पितळी फिल्टरचीच कॉफी लागे. सासूबाई वसुमती पहाटे उठून ती करत. मला हिंगाच्या डबीमागे जागा मिळाली.

नातीच्या, नंदिताच्या, वाढदिवसाला हरिताने माझ्यातली दोन चमचे पूड कोमट दुधात विरघळवली आणि कुकरमध्ये वाळूवर केक भाजला. घरभर काय वास सुटला! अप्पांनी तीन तुकडे खाल्ले.

"काय घातलंस ह्यात?"

"तुमचं रंगाचं पाणी, अप्पा!" नंदिता ओरडली. सगळे हसले. अप्पाही हसले, पण प्यायला मात्र फिल्टरचीच मागितली.

मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या, एका थंड सकाळी फिल्टरचे वरचे भांडे घट्ट बसले. वसुमतीबाईंनी जोर लावून ओढले, तसे ते एकदम सुटले आणि कॉफीचा कढत अर्क, डिकॉक्शन, त्यांच्या पायावर सांडला. अप्पा धावत आले. पायावर पाणी ओतताना त्यांना बायकोची बोटे दिसली. सांधे सुजून बोटे वाकडी झाली होती.

"कधीपासून हे?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मला बोलली नाहीस?"

"तुमची काफी चुकली असती ना, अहो."

दुसऱ्या दिवशी अप्पाच आधी उठले. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी चूल पेटवली नव्हती. त्यांनी मला बाहेर काढले आणि हरिताला हळूच विचारले, "किती चमचे घालायचे?" पूड, साखर आणि थोडे पाणी घेऊन त्यांनी फेस येईपर्यंत घोटले. वर गरम दूध ओतले. डवऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरच्या उभट पेल्यात उंचावरून ओतताना निम्मी कॉफी ओट्यावर सांडली.

वसुमतीबाईंनी घोट घेतला. "साखर जास्त झाली," त्या म्हणाल्या, आणि टंबलर पूर्ण रिकामा केला. त्यांचे डोळे भरून आले होते. अप्पांनी स्वतःसाठीही तीच कॉफी केली.

पुढे अकरा वर्षे, वसुमतीबाई होत्या तोवर, हा नेम चुकला नाही. माझ्यातली पूड संपली की अप्पा नव्या पाकिटाने मला पुन्हा भरत. तसे हात मला नंतर लाभले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात रोज सगळ्यांच्या आधी कोण उठते? उद्या त्यांना थोडे झोपू द्या. कॉफी जमली नाही तरी चालेल. दूध तापवणे अवघड नाही.