खरं बोलणारा खटका

बँकॉकच्या त्या कंपनीत भातकुकरचं अंग घडवणारे खालच्या मजल्यावर फोमचे नमुने कोरत त्याच्या भुशात बसायचे, आणि त्याचं वागणं, म्हणजे बटणं, आवाज, पडदा ठरवणारे वर एसीच्या गारव्यात. जिन्यावरून फक्त फायली ये-जा करायच्या, माणसं नाहीत! असल्या तऱ्हेनं काम केल्यावर व्हायचं तेच झालं.

खालच्या पी वीरोतनं (तिकडे वयानं मोठ्याला, दादा असो की ताई, 'पी' म्हणतात) झाकणाला असा खटका बसवला, की दाबल्यावर 'टक्' ऐकूनच समाधान वाटावं. वरच्या रत्तियानं पडद्यावर वाफ उसळती दाखवली आणि तिच्याखाली 'सुरू'चं बटण ठेवलं; ते दाबल्यावरच भात शिजायला लागणार. तिचं हे पहिलंच काम. पडद्याचा फोटो आईला केव्हाच पाठवून झाला होता.

चाचणीसाठी बोलावलेल्या मालिनमावशींनी तांदूळ-पाणी घातलं, झाकण दाबलं, टक् झालं, आणि त्या खुशाल गच्चीतल्या झाडांना पाणी घालायला गेल्या. पडद्याकडे बघतंय कोण! परत येऊन पाहतात तर तांदूळ पाण्यात तसेच.

"तुझा पडदा कुणाला दिसतच नाही गं," वीरोत म्हणाला.

"तुमचा खटका खोटं बोलतो, पी!" रत्तिया फणकारली. "काम झालं म्हणून सांगतो, आणि झालेलं काहीच नसतं."

वीरोतला ते झोंबलं. जरा वेळानं मात्र तो हसला. "मग शिकवू त्याला खरं बोलायला. आता वर पळू नकोस, इथंच बस."

बसली बिचारी भुशात. हलकं दाबलं तर झाकण नुसतं लागावं, जोर दिला तर टक् व्हावं आणि त्याच क्षणी भात शिजायला लागावा, असं ठरलं. सोबत कुकरमधून वाजणारा, रत्तियानं बनवलेला एक बारीक सूर. तो खटक्याच्या जरासा मागं पडला तरी दाबणारा हात बावचळायचा, म्हणून स्प्रिंग आणि सूर जुळवताना दोघं कडाकडा भांडले. जुळलं तेव्हा पडद्याची गरजच उरली नव्हती. आईला फोटो पाठवलेला तो पडदा रत्तियानं स्वतःच काढून टाकला.

मावशी पुन्हा आल्या. टक्! सूर वाजला, आणि त्या मागं न पाहता चालू लागल्या. या खेपेला भात कसा मोकळा, वाफाळता!

विभागप्रमुख पी चारुणीनं कुकर फिरवून फिरवून पाहिला. "वीरोतचा खटका दिसतोय. यात तुझं काय गं, रत्तिया?"

वीरोत मध्ये बोलणार, तोच रत्तिया ताठ मानेनं म्हणाली, "मावशींना मागं वळून पाहावं लागलं नाही ना, पी? ते माझं."