जेबेझ वाटेनेच जाईल

"गाडीनं नाही," थिर्झा म्हणाली. "खांद्यावरून. आणि मूरवरच्या वाटेनं."

पाद्रीसाहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत जेबेझ एन्डाकॉट होता. ज्या पलंगावर पन्नास वर्षं झोपला, त्याच पलंगावर कालपासून निजलेला होता, हनुवटीखालून रुमाल बांधून. हॉक्सलेडच्या भिंती रचण्यात आणि दलदलीतली जळाऊ माती कापण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, असं सगळे म्हणत.

"ती वाट बंद आहे, मिसेस एन्डाकॉट."

"ठाऊक आहे. दारात उभी राहिले की दिसतं मला ते फाटक."

फाटक यंदाच्या वसंतात आलं. ब्रिस्टलच्या कुणा साबणवाल्या साहेबाने मूरचा, म्हणजे या उजाड दलदली माळाचा, खालचा उतार शिकारीसाठी विकत घेतला. पक्षी बुजतात म्हणून वाटेवर फाटक घालून त्याला साखळी अडकवली आणि दोन्हीकडच्या भिंतींवर काटेरी तार ओढली. हॉक्सलेडची सात घरं वर राहिली. चर्च, शाळा, दुकान सगळं खाली कोम्बस्टोमध्ये. वाटेने तासाभराचं चालणं होतं. गाडीरस्ता मूरला वळसा घालून जातो, तो नऊ मैलांचा.

ज्या वाटेने प्रेत गेलं, ती वाट कुणाच्या बापाला बंद करता येत नाही, हे हॉक्सलेडमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेबांचे कारभारी मिस्टर फेन्टन म्हणाले होते, तुमची प्रेतं तर वीस-पंचवीस वर्षं गाडीतूनच जाताहेत, या वाटेनं शेवटचं गेलं कधी? ते मात्र खरं होतं. रस्ता झाल्यापासून हॉक्सलेडवाले आळसावले होते, आणि आता स्वतःवरच चरफडत होते.

"कायद्यात असं काहीही नाही," पाद्रीसाहेब म्हणाले. "मी मुद्दाम वकिलाला विचारलं. नुसती समजूत आहे ती. आणि खरं सांगू? जेबेझ कधी कुणाशी भांडला नाही. त्याला हे आवडलं असतं का?"

थिर्झाचे हात पिठात होते. ते थांबले. हाच प्रश्न ती रात्रभर स्वतःला विचारत होती आणि दुसऱ्या कुणी विचारू नये असं तिला वाटत होतं.

"नसतंच आवडलं," ती म्हणाली. "जन्मभर त्यानं भांडणं माझ्यावर ढकलली. दुकानदाराशी मी भांडायचे, हा बाहेर घोड्याशी बोलत उभा. आता मेल्यावर काय बदलणार आहे तो?"

पाद्रीसाहेबांना हसू आलं. ते त्यांनी आवरलं.

"खाली चर्चच्या भिंतीशी माझी हेप्झी आहे, साहेब. चार महिन्यांची होती. ह्यानं एकट्यानं खोकं खांद्यावर घेऊन नेली तिला, त्याच वाटेनं. तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. म्हणजे जायचो. फाटक आल्यापासून एकदा गेलेय, तेही रुबेनच्या गाडीत त्याची मिनतवारी करून. आता ह्यालाही तुम्ही तिथंच निजवणार. आणि मी? बहात्तर वर्षांच्या बाईनं नऊ मैल जायचं नि नऊ मैल यायचं? ते दोघं तिकडं आणि मी इकडं, असं नाही चालायचं."

तिने पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. पाद्रीसाहेब उठले, आणि शुक्रवारी दुपारी कबर तयार असेल, एवढंच सांगून निघाले.

शवपेटीला दोन पाळ्यांचे मिळून आठ खांदेकरी लागतात. महायुद्धानंतर हॉक्सलेडमध्ये धड खांदे उरले होते सातच. जेबेझचा पुतण्या रुबेन सुतार होता, पेटी त्यानेच केली होती, आणि आता तो बोटं मोजत डोकं खाजवत होता.

"आठवी मी," दूधवाली डॉर्कास म्हणाली.

"बायका खांदा देत नाहीत, डॉर्कास."

"अरे, बसलेली गाय उठवते मी. हा जेबेझ म्हणजे नुसती हाडं. बाजूला हो."

शुक्रवारी मूरवर धुकं होतं, वर पावसाची रिपरिप. उन्हाळ्यात टोपल्या घेऊन येणारे पाहुणे मूरला जांभळा गालिचा म्हणतात आणि संध्याकाळच्या आत पळ काढतात. ऑक्टोबरचा मूर त्यांनी पाहिलेला नसतो. जांभळी फुलं झडून वाळलेली हेदरची झुडपं, तांबूस नेचे, मधूनच एखादा उघडाबोडका खडक, आणि सगळ्यावरून आडवा येणारा वारा. हिरवंगार दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही, काळं आणि ओबडधोबड दिसेल तिथे ठेवायचा, हे इथलं मूल बोलायच्या आधी शिकतं. हिरव्या जागा घोडीसकट माणूस गिळतात. थिर्झाने या जमिनीला आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या. जमिनीबद्दल परक्याने वावगा शब्द काढला, तर मात्र तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अर्ध्या वाटेवर विसाव्याचा सपाट दगड आहे. तिथे पेटी टेकवायची, सफरचंदाच्या सायडरचा एकेक घोट घ्यायचा आणि खांदे बदलायचे, ही जुनी रीत. रीत मोडून पंचवीस वर्षं झाली होती, पण पेटी कुठल्या बाजूने टेकवायची हे म्हाताऱ्यांना न सांगता आठवलं. दगडावर पूर्वी गेलेल्यांची अक्षरं कोरलेली आहेत. त्यातली दोन लहान आणि वाकडी, हेप्झीची, जेबेझच्या हातची. थिर्झाने त्यांच्यावर तळवा ठेवला, आणि मग सगळ्यांआधी चालू लागली.

फाटकाच्या पलीकडे मिस्टर फेन्टन रेनकोट घालून उभे होते. शेजारी राखणदार सिलास हेक्स्ट होता. तो कोम्बस्टोचाच, सगळ्यांच्या ओळखीचा, आणि त्यामुळे कुणाच्याच डोळ्याला डोळा न भिडवणारा.

"मला तुमच्या दुःखाची कल्पना आहे, बाई," फेन्टन म्हणाले. "पण ही खाजगी जमीन आहे. तुम्ही रस्त्यानं जा."

"एक विचारू? ह्याला घेऊन मी इथून गेले, तर ही वाट सगळ्यांची होते का?"

"अजिबात नाही. अडाणी समजूत आहे ती. कायदा असलं काही मानत नाही."

"म्हणजे आम्ही गेलो तरी तुमचं काही बिघडत नाही."

"नाही. म्हणजे..."

"मग काढा की कुलूप."

फेन्टनसाहेबांनी साखळी उगाच हलवून पाहिली. मागे कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," ते अखेर म्हणाले.

"तत्त्व नाही हो. तुम्हालाही ते खरंच वाटतंय. आमच्यासारखेच अडाणी आहात तुम्ही, फक्त रेनकोट चांगला आहे." थिर्झा वळली. "रुबेन, पेटी फाटकावरून घ्या."

"काकू, फाटक उंच आहे. पडला तर?"

"तर मला शिव्या घाल. उचल."

मग जे झालं ते फारसं शोभणारं नव्हतं. डॉर्कासने आणि एका म्हाताऱ्याने धडपडत पलीकडे उडी टाकली. इकडून चौघांनी पेटी वरच्या दांडीवर चढवली आणि पुढे सरकवली. नवी दांडी, वर पावसाचं पाणी. पेटी जी घसरली ती थेट खाली. पलीकडच्या म्हाताऱ्याचा पाय चिखलात गेला, डॉर्कास एकटी पडली, आणि पेटीचं डोक्याकडचं टोक सिलास हेक्स्टच्या छातीवर आलं. माणूस काय करणार? त्याने दोन्ही हातांनी ते धरलं.

"सिलास!" फेन्टन ओरडले. "काय चाललंय?"

"धरलंय, साहेब."

"तुला अडवायला ठेवलंय!"

"मग सोडू का?" सिलासचा चेहरा लाल झाला होता. वजनाने म्हणा, लाजेने म्हणा. "सांगा, साहेब. सोडू? चिखलात पडेल तो. तुम्ही म्हणा सोड, सोडतो."

सगळे मिस्टर फेन्टनकडे बघत होते. पेटीच्या झाकणावर पाऊस वाजत होता. मिस्टर फेन्टन वाईट माणूस नव्हते, पगारी माणूस होते. ते धुक्याकडे तोंड करून वळले आणि खिशात काहीतरी शोधायला लागले. ते त्यांना बराच वेळ सापडलं नाही.

सिलासने पेटी डॉर्कासच्या आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर नीट चढवून दिली आणि लगेच चार पावलं मागे सरकून पुन्हा राखणदार झाला. बाकीचे चढून उतरले. थिर्झाला दोघांनी पोत्यासारखं उचलून पलीकडे ठेवलं.

चर्चच्या दाराशी पाद्रीसाहेब छत्रीशिवाय भिजत उभे होते. जेबेझला भिंतीशी, हेप्झीशेजारी ठेवलं. थिर्झा तिथे रडली. सगळ्यांसमोर, मोठ्याने आणि लाज न बाळगता रडली. मग नाक पुसून तिने सगळ्यांना केशराचे पाव वाटले.

परत आले तेव्हा फाटकाला दोन साखळ्या होत्या. पाऊस थांबला होता. सिलास तिथेच खडकावर बसला होता. फेन्टनसाहेब गेले होते.

"बघितलंस, काकू?" रुबेनने साखळीला लाथ मारली. "काय फरक पडला? एवढा आटापिटा केला, आणि वर आणखी एक साखळी."

"साखळी त्यांची आहे," थिर्झा म्हणाली. "घालू देत. वाटेनं जेबेझ गेला, तो काही परत येत नाही."

"तू थांब इथंच. मी कोम्बस्टोतून गाडी आणतो."

"कशाला?"

तिने उसना आणलेला काळा स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि खालच्या दांडीवर पाय ठेवला. हॉक्सलेडने आजवर तिचे गुडघे पाहिले नव्हते. पुरुषमंडळी घाईघाईने ढगांकडे बघू लागली. एकेक दांडी करत, मध्ये दोनदा दम खात, ती वर पोचली. एक पाय पलीकडे टाकला आणि थांबली.

भिंत असो, फाटक असो, जेबेझ नेहमी आधी उतरायचा आणि मागे न बघताच हात वर करायचा. पन्नास वर्षांत त्याला कधी सांगावं लागलं नव्हतं. आताही तिचा हात आपोआप खाली गेला होता, आणि तसाच अधांतरी राहिला.

रुबेन पटकन फाटक ओलांडून पलीकडे गेला. "धर, काकू. माझा धर."

थिर्झाने त्याच्या हाताकडे पाहिलं. चांगला तरुण हात होता.

"नको रे," ती म्हणाली. "परवा रविवार. मला एकटीलाच यायचंय."

ती उलटी फिरली, दोन्ही हातांनी वरची दांडी धरली आणि पायाने खालची दांडी चाचपडू लागली. ती मिळायला वेळ लागला. जमिनीवर दोन्ही पाय टेकल्यावर तिने स्कर्ट खाली सोडला, तळव्यांवरचं पाणी त्याला पुसलं आणि हॉक्सलेडच्या चढाला लागली.