थोरलीचे दोन साचे

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि कवळीवाले आपल्या खोलीवजा कारखान्यात बसून दात घडवायचे. कोणी चुकून डॉक्टर म्हटलं, की लगेच दुरुस्त करीत, "मी डॉक्टर नाही हो, मी फक्त दात करतो." कामात केसाएवढी चूक खपायची नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असल्यामुळे कोणाला विसरायची सोय नव्हती.

त्यांची थोरली मुलगी सेव्हन्स रग्बी खेळायची. सात जणींचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि तेवढ्यात एकमेकींना पाडापाडी अशी की बघणाऱ्याचंच अंग ठणकावं. गेल्या वर्षी एका सामन्यात तिच्या तोंडावर कोपर बसलं आणि वरचे दोन दात हलले. तारेने बांधल्यावर ते धरले, पण पूर्वीच्या जागी नाही, जरासे आत. डॉक्टरांनी बजावलं होतं, की खेळताना दात वाचवायला तोंडात घालायचा प्लास्टिकचा गार्ड नीट बसला नाही तर पुढच्या धक्क्याला हे दोन्ही गेलेच समजा. त्यावर कवळीवाल्यांनी फर्मान काढलं, "गार्ड मी करणार. आणि तो तसूभर जरी चुकला, तरी खेळणं बंद. कायमचं!"

थोरलीने मान डोलावली. बापाशी वाद घालण्यापेक्षा धिप्पाड मुलींना अंगावर घेणं तिला सोपं वाटायचं.

गार्ड झाला. निळाशार. तिच्या हातात देण्याआधी त्यांनी तो अर्ध्या गल्लीला दाखवला.

स्पर्धेच्या दिवशी बायको धाकटीला घेऊन सकाळीच मैदानावर गेली. बारा देशांचे संघ आले होते आणि यजमान संघात थोरली होती. "एका आजोबांची कवळी हातावेगळी करतो आणि दुसऱ्या सामन्याला येतो," असं कवळीवाले म्हणाले. खरं तर पहिला सामना त्यांना बघवणार नव्हता. बायकोला ते ठाऊक होतं, म्हणून तिने ताणलं नाही.

घासपट्टी शोधायला त्यांनी वरच्या फळीवर हात घातला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. वर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, 'थोरली, नवीन'. दात धरल्यानंतर घेतलेल्या मापाचा हा प्लास्टरचा साचा, आणि फडक्याची गाठ तशीच.

मग गार्ड कशावर केला? यंत्राशेजारी तिचा जुना साचा होता, दुखापतीच्या आधीचा. त्याच्या कडेला निळं प्लास्टिक चिकटलेलं होतं.

बाहेरच्यांचे साचे ते चिठ्ठी वाचूनच उचलत. घरच्यांचे मात्र भिंतीलगत वर्षानुवर्षं ओळीने मांडलेले होते, बायकोचा, थोरलीचा, धाकटीचा. तिथे चिठ्ठी कोण वाचतं? हात आपसूक मधल्या जागेवर गेला असणार. परक्याच्या कामात ही चूक त्यांच्याकडून जन्मात झाली नसती.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीला फोन लावला तर बंद; खेळाडूंचे फोन सकाळीच काढून घेत. बायकोला लावला, तर पलीकडून नुसता गलका आणि "ऐकू येत नाही, तुम्ही लवकर या!" एवढंच. आजोबांची कवळी तशीच टेबलावर टाकून त्यांनी स्कूटरला किक मारली.

फाटकाशी पोचल्यावर आठवलं, की तिकीट बायकोच्या पर्समध्ये आहे. पहारेकरी आडवा आला. मग त्याने यांचा प्लास्टरने माखलेला पांढरा कोट पाहिला, घामेजलेला चेहरा पाहिला आणि घाईने विचारलं, "डॉक्टर का?"

"हो," कवळीवाले म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्ती न करता आत पळाले.

पहिला सामना संपत आला होता. हूटर वाजला, पण चेंडू खेळात असेपर्यंत सेव्हन्सचा सामना संपत नाही. कोणीतरी चेंडू उंच मारला. थोरलीने धावत येऊन तो डोक्यावर झेलला, आणि त्याच क्षणी समोरची दणकट मुलगी तिच्या तोंडावरच आदळली. दोघी पडल्या. कवळीवाल्यांनी कठडा घट्ट धरला. गेले, ते मनात म्हणाले, माझ्या हातांनी गेले.

थोरली उठली. चेंडू अजून हातातच होता. तिने तो लाथेने मैदानाबाहेर उडवला, शिट्टी झाली, आणि ती तोंडभर निळं हसली.

कठड्याशी उभे असलेले वडील दिसताच ती धावत आली. "बाबा! तुम्ही पहिल्याच सामन्याला?"

"आ कर," ते ओरडले.

तिने गार्ड काढून आ केला. त्यांनी अंगठ्याने दोन्ही दात चाचपले. घट्ट होते. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी गार्ड उजेडात धरला. ते दोन दात जसे आत सरकले होते, तशीच आत खोबण होती. बाहेरची कड मात्र जरा जाड राहिली होती. अशी कड त्यांनी कधी ठेवली नसती.

"हे माझं काम नाही," ते हळूच म्हणाले.

थोरलीने मान खाली घातली. "तुमचा डावीकडे बसत नव्हता. सांगितलं असतं तर तुम्ही खेळणंच बंद केलं असतं. रविवारी तुम्ही आत्याकडे गेला होतात ना, तेव्हा नव्या साच्यावर दुसरा केला. मग सगळं जसंच्या तसं बांधून ठेवलं. रागावू नका."

"तुला कोणी शिकवलं?"

"लहानपणी बघायचे ना. तुम्ही हाकलून देईपर्यंत."

त्यांना आठवलं. दहा वर्षांची असताना तिच्याकडून एका गिऱ्हाइकाचा साचा पडून फुटला होता. तुझ्या हातात काही टिकत नाही, असं म्हणून त्यांनी तिला कारखान्यात यायचंच बंद केलं होतं. पुढे दोन्ही पोरींपैकी एकीलाही या कामाची गोडी नाही, असं तेच गल्लीभर सांगत फिरले होते.

"कड जाड ठेवलीस," ते म्हणाले. आवाज काही केल्या कडक होईना. "सोमवारी ये, दाखवतो कशी उतरवायची. आजोबांची कवळीही अर्धीच राहिलीय."

"आणि हातातून पडली तर?"

कवळीवाल्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. प्लास्टर गालाला लागलं.

"पडली तर दुसरी करू," ते म्हणाले.